बाईंचा राखीव सूर

“शेजारणीचा सूर ऐका, पण घेऊ नका!”

बाईंना येणारं हे एकमेव मराठी वाक्य. आमच्या हिनंच शिकवलेलं. ते म्हणताना बाई दोन्ही कानांमागे हात धरायच्या, आणि पुढच्याच क्षणी आमच्या मंडळातल्या बायका एकमेकींचा सूर घेऊन मोकळ्या व्हायच्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लंडनच्या पिनर भागातल्या एका हॉलमध्ये शनिवारी दुपारी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा इतिहास जपण्याचा कार्यक्रम चाले. तो चालवणाऱ्या बाई कॅनडातून आलेल्या, मेनोनाइट. म्हणजे युद्धात शस्त्र न धरणारे, शपथ न घेणारे आणि वाद्यांशिवाय चार सुरांत गाणारे जुन्या वळणाचे ख्रिस्ती. त्यांनी आमच्या आरत्या टेप केल्या आणि म्हणाल्या, “एवढे सगळे जण एकच सूर गाता? बाकीचे तीन कुठे ठेवलेत?”

मी हिला सोडायला गेलो होतो. दारातच खोकलो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “बेस,” म्हणाल्या.

“नो नो, ही ओन्ली ड्राइव्ह्ज,” ही म्हणाली. कोण ऐकतंय! तेव्हापासून दर शनिवारी मी खर्जात.

बाईंचा डाव वेगळाच होता. त्यांच्या आजीच्या गावचं एक जर्मन भजन होतं. ते म्हणणारे त्यांचे लंडनमधले लोक पांगले, काही वारले. बाईंकडे उरला फक्त दुसरा सूर, मूळ चालीच्या खालून जाणारा. “एकटीनं म्हटलं की शेजारी विचारतात, बरं नाही का?” असं हसत सांगायच्या. पण ते भजन एकदा तरी पुरं कानी पडावं म्हणून जीव कासावीस व्हायचा त्यांचा, आणि ते बघून आमचाही.

त्यांनी जुन्या भजनपुस्तकावरून आम्हाला बाकीचे तीन सूर शिकवले. आपला मात्र द्यायला तयार नाहीत. “तो माझा. इतकी वर्षं सांभाळलाय.” कुलकर्णी वहिनींनी चकल्यांची लाच देऊन पाहिली. बाईंनी चकल्या संपवल्या, सूर दिला नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी भजन चक्क शेवटापर्यंत गेलं. आम्ही थांबलो, आणि आरतीनंतरच्या सवयीनं सगळ्या बायका टाळ्या वाजवत जागच्या जागी गोल फिरल्या. मीही फिरलो. बाईंनी बोलावलेले दोन म्हातारे मेनोनाइट पाहुणे खुर्च्या घट्ट धरून बसले. बाईंनी क्षणभर पाहिलं, स्कर्ट सावरला आणि त्याही फिरल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “झालं, आता हेही आमच्या इतिहासात!”

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. अंत्यविधीला ते भजन म्हणायला आम्हालाच बोलावलं. टेपवरून त्यांचा सूर उचलता आला असता. मी तसं सुचवलंही.

“ऐका, पण घेऊ नका,” कुलकर्णी वहिनी एवढंच म्हणाल्या.

आम्ही तीनच सुरांत गायलो. बाईंची उभं राहायची जागा मोकळी सोडली होती आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते. भजन संपलं. आता फिरायचं की नाही, कुणालाच कळेना.

तेवढ्यात त्या दोन पाहुण्यांपैकी एक म्हातारे काठी टेकत उठले आणि सावकाश स्वतःभोवती फिरले.