बाईंचा ॲमीटर

आमच्या प्रयोगशाळेच्या बाई जोडणी डोळ्यांनी नाही, बोटानं तपासत. बॅटरीच्या टोकावर बोट ठेवायचं आणि तारेवरून सरकवत बोलत राहायचं, "इथून निघाली, खटक्यातून गेली, ॲमीटरात शिरली..." बोट फिरून परत बॅटरीशी आल्याशिवाय खटका दाबायची कुणाची टाप नव्हती.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता, शाळाही नवीच. वर्ग हिंदीत चाले, पण आम्हा दोघीतिघी मराठी मुलींशी बाई घरच्या बोलीत बोलत. त्या चरोद्याहून यायच्या. वडील रेल्वेत गार्ड. त्यामुळे ओहमचा नियमही रुळांवरूनच धावायचा. "करंट म्हंजे आपली लोकल. ॲमीटर तिच्या रस्त्यातच पाह्यजे, कुम्हारीच्या ठेसनावानी. व्होल्टमीटर बाजूले उभा राहून पाह्यते. आन ॲमीटर सरळ बॅटरीले जोडला, तं जळलाच समजा!" शाळेत ॲमीटर एकच होता. बाई त्याला पदरानं पुसत.

व्होल्टेजला करंटनं भागून कुणी दरवेळी अगदी तेच उत्तर आणलं, की मात्र त्या चिडत. "कावून वं, घरून लिहून आणलं का? काटा थोडा इकडंतिकडं होतेच."

त्या वर्षी बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. वडील निवृत्त होणार, रेल्वेचा क्वार्टर सुटणार. बाई कायम झाल्या तरच कारखान्याच्या टाउनशिपमध्ये घर मिळणार होतं. सगळं त्या एका गोष्टीवर अडलेलं.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. माझं रीडिंग पाहून म्हणाले, "इतना करंट? गलत है." त्यांनी स्वतः तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या, आणि रोधाची तार वगळून ॲमीटर थेट बॅटरीला लावला. बाई पुढे धावल्या, "सर, रुकिए..." तोवर खटका दाबला गेला. काटा टोकाला आपटला, जळका वास आला. संपलं!

परीक्षकांचा चेहरा उतरला. "मीटर पहले से खराब था क्या?" माझा कागद त्यांच्याच हातात होता. बाईंनी त्याकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, "जी. जाँचना मेरा काम था. लड़की का कनेक्शन सही था."

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. "बाई, जाळला तर त्यांनी ना!"

"चूप. मार्कं त्यायच्या हातात हायेत. तुले नागपूरले सायन्सले जायचं हाय का नाही?"

बाईंना कायम करायची वेळ आली, तेव्हा तोच ॲमीटर पुढे आला. निष्काळजीपणाचा ठपका बसला आणि उन्हाळ्यातच नोकरी गेली. किती चांगली बाई, आणि तिच्या वाट्याला हे यावं!

निकाल लागला. प्रॅक्टिकलमध्ये वर्गात सर्वांत जास्त मार्क मला होते. तशीच चरोद्याला धावत जावं असं वाटलं, पण बाबा म्हणाले, "रविवारी जाऊ, मीही येतो. असं रिकाम्या हातानं कसं जायचं?"

रविवारी पेढे घेऊन गेलो, तर क्वार्टरला कुलूप. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "कालच गेले ना वं सारे, सामान घेऊन." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "तूच का वं बाईच्या शाळेतली पोरगी? रिझल्ट लागला तवापासून बाई दारातच बसून राहे. पोरगी येईन म्हणे, मार्कं सांगाले."