रिकाम्या खुर्चीला सलाम

माणसाला चालायला आई शिकवते. मला ते दुसऱ्यांदा शिकवलं निजाम सरकारनं, आणि तेही उलटं. बीडच्या कचेरीमागं एक जुनी सराई होती. तिच्या लांबट दालनात आम्हा उमेदवारांची तरबियत चालायची. तरबियत म्हणजे वळण लावणं. कचेरीत चपराशी व्हायचं तर आधी माणसात यावं लागतं, असं वरच्या लोकांचं म्हणणं होतं. तोवर आम्ही कशात होतो, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी धारूरचा. आमचं घर लिंगायत वाण्याचं. दुकान थोरल्या भावाच्या हातात आणि मी त्याच्या हाताखाली गूळ फोडणारा. त्यात मला काही कमी वाटत नव्हतं. वाटत होतं ते उमापूरच्या सासऱ्यांना. बायको पंचमीला माहेरी गेली आणि त्यांनी तिला ठेवूनच घेतलं. निरोप आला की जावयाच्या कमरेला सरकारी पट्टा दिसेल त्या दिवशी लेक नांदायला येईल. हे सासरे स्वतः जन्मभर तागडी धरून मोठे झालेले. पण एकदा तहसीलचा एक चपराशी त्यांच्या दुकानातून मूठभर खारका फुकट उचलून खात खात निघून गेला आणि यांना तोंडातून शब्द काढता आला नाही. तेव्हापासून पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यावर त्यांची जी भक्ती बसली, ती कपिलधारच्या देवावरही नसेल.

बायको घरात नाही म्हटल्यावर जीव कशात लागेना. चुलीपुढं तिची जागा रिकामी दिसली की भाकरी अर्धीच टाकून उठायचो. म्हणून मी कपिलधारला नवस बोललो आणि बीडला मावशीच्या घरी पथारी टाकून सराईत जाऊ लागलो.

आम्हाला वळण लावायला हैद्राबादेहून एक पेन्शनीत निघालेले गृहस्थ आणले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. कधीकाळी ते कुण्या बड्या नवाबाच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्याच्या दाराशी, पडदा उचलायला होते. पडदा उचलण्यात जन्म गेला म्हणून पडद्याआडचं सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती. स्वतः पान खाऊन सराईच्या भिंती रंगवायचे आणि आम्हाला शिकवायचे की थुंकू नये.

नखं कशी कापावी, शेरवानीची गुंडी कुठवर लावावी, खोकला आला तर तो कसा गिळावा, हे सगळं शिकवलं गेलं. हात बेंबीवर बांधून उभं राहायचं. हुजुरांनी विचारलं तर बोलायचं, नाही तर भिंत व्हायचं. आमच्या बोलीतला ‘कावून’ हा शब्द तर तिथं बंदच होता. चाकरानं ‘का’ विचारायचं नसतं, असं उस्तादांचं मत. ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल त्याला अंगणात उन्हात उभं करत. माझ्या शेजारी पाटोद्याकडचा एक शेतकरी उभा राहायचा, चांगला बाप्या माणूस, मिशा अशा की लिंबू ठेवावं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्या वस्तऱ्यानं उतरवायला लावल्या. तो ‘कावून’ म्हणाला आणि मिशा जाऊन वर ऊनही मिळालं.

पण तरबियतीतला खरा देव होती एक खुर्ची. दालनाच्या एका टोकाला उस्तादांनी हातांची उंच खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर आपली लाल गोंडेदार रुमी टोपी ठेवली होती. ही खुर्ची म्हणजे हुजूर, असं समजायचं. तिच्यापुढं वाकून बोटं जमिनीला लावायची आणि सलाम करायचा. मग पाठ न दाखवता उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचं. पहिल्या दिवशी घरच्या सवयीनं मी तिला हात जोडून ‘शरणार्थ’ म्हणालो. उस्तादांनी कपाळ बडवून घेतलं. मला आजही वाटतं, लाकडाला आदाबपेक्षा शरणार्थ म्हटलेलं काही वाईट नव्हतं.

“पीठ नक्को दिखाव,” उस्ताद दिवसभर घोकायचे. “हुजूर को पीठ दिखाया सो गया काम से.”

हळूहळू आम्ही इतके तयार झालो की झाडू मारतानासुद्धा खुर्चीकडं तोंड ठेवून मारायचो. उस्ताद जेवायला गेले तरी कुणी तिच्याकडं पाठ करायची हिंमत करत नसे. मावशीच्या घरातून पाणी पिऊन मी उलटा बाहेर पडायला लागलो तेव्हा तिनं डोक्याला हात लावला. “सरळ मानूस दिला व्हता रे बहिनीनं,” ती म्हणाली. मला तेव्हा तिचा रागच आला. माझ्या डोळ्यांपुढं उमापूरहून निघालेली बैलगाडी होती, आणि तिच्यात बायको.

शेवटी तालुकदारसाहेब पारखायला येणार असा हुकूम आला. जिल्ह्याचा कारभार त्यांच्या हातात. आमच्यातले काही जण निवडून तेच कमरेला पट्टा देणार होते. उस्तादांनी खुर्ची तेल लावून पुसली, टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली आणि आम्हाला रांगेनं उभं केलं. तोंडं खुर्चीकडं, पाठी दाराकडं. ही मांडणी त्यांची स्वतःची. साहेब बाजूच्या दारानं येऊन खुर्चीत बसतील, मग मी इशारा देईन, असं सांगून ते वेशीकडं स्वागताला गेले.

साहेब काही वेशीकडून आले नाहीत. शिकारीहून परस्पर घोड्यावर आले आणि आमच्या पाठीमागच्या मोठ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या स्वारानं अंगणातून ललकारी दिली की हुजूर आले. झालं. आम्ही सगळे एकसाथ त्या रिकाम्या खुर्चीपुढं वाकलो. बोटं जमिनीला, मान छातीला, आणि साहेबांच्या समोर ओळीनं आमची ढुंगणं. काय तो थाट. सलाम झाल्यावर, शिकवल्याप्रमाणं, आम्ही सगळी रांग उलट्या पावलांनी दाराकडं निघालो. खुर्चीत कुणी नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पण रोजच ती रिकामी असायची, म्हणून त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

माझी टाच साहेबांच्या पावलावर पडली. चांगली जोरात पडली.

साहेब कळवळून भिंतीला टेकले. बुटातलं पाऊल धरून त्यांनी मला विचारलं, “किस को सलाम कर रै थे?”

विचारलं तर बोलायचं, हे पाठ होतं. मी खाली मान घालून म्हणालो, “हुजूर को.”

“तो मैं कौन हूँ?”

याचं उत्तर तरबियतीत शिकवलेलं नव्हतं. मी भिंत झालो. तेवढ्यात उस्ताद धापा टाकत आले. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं आणि क्षणाचाही वेळ न लावता साहेबांना सांगितलं की ही गावंढळ जनावरं आहेत, यांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते सांगतानाही ते उलटे चालत होते. साहेबांनी आमच्याकडं परत पाहिलंही नाही. लंगडत जाऊन ते त्याच खुर्चीत बसले आणि उस्तादांकडून अंगठा चोळून घेतला.

तरबियत त्या दिवशी मोडली. पट्टा मिळाला तो साहेबांच्या बावर्चीच्या मेव्हण्याला. त्यानं सराईचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. वशिल्याच्या तट्टाला लगाम लागत नाही, चाबूकही लागत नाही. पाटोद्याचा शेतकरी जाताना आपल्या उघड्या ओठावरून हात फिरवत म्हणाला, “मिशा येतील बे परत. तुझी बायकू येती का बघ.” त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

मी धारूरला न जाता उमापूरला गेलो. थोडं गाडीनं, बाकी पायी. सासरे दुकानात गादीवर बसले होते. माझी बातमी माझ्या आधीच पोचलेली दिसत होती, कारण त्यांनी तोंडाकडं न बघता आधी माझ्या कमरेकडं पाहिलं. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. गूळ ओलसर होता. मी लेक न्यायला आलोय म्हटल्यावर नाही म्हणाले. मी विचारलं, “कावून?” किती दिवसांनी तो शब्द तोंडातून निघाला. बरं वाटलं.

सासऱ्यांनी तागडीची दोरी सारखी केली. “सरकारनंबी ज्याला ठिवून घेतलं न्हाई, त्याच्याकडं म्या लेक कशी ठिवू, जावईबापू?”

मग जे घडलं त्याची मला आजवर चीड येते. माझे हात आपोआप बेंबीवर आले, मान वाकली आणि मी उलट्या पावलांनी निघालो. खारकांच्या पोत्याआड बसलेल्या त्या माणसापुढं. आतल्या दाराच्या फटीत बायको उभी होती, ते मला दिसत होतं, तरी पाय थांबेनात. उंबऱ्याला टाच आपटली तेव्हा कळ मस्तकात गेली. त्या कळेबरोबर सराई, उस्ताद, टोपी, सगळ्यांचा असा संताप आला की मी गर्रकन वळलो आणि सासऱ्यांना सगळीच्या सगळी पाठ दाखवून रस्त्याला लागलो.

मागं कुणीतरी बाई “अवो, अवो” करत होती. गावातल्या सगळ्याच बायका नवऱ्याला अवो म्हणतात. हाक दुसऱ्या कुणाला असेल म्हणून मी मान वळवली नाही, आणि डोळे भरले होते म्हणूनही नाही. वेशीजवळ दगडांवर जोडव्यांचा आवाज आला तेव्हा थांबलो. ती धापा टाकत होती. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही, काखेत लुगड्यांचं बोचकं.

“कवापासून हाका मारायलेय,” ती म्हणाली. “नुसती पाठच काय दाखवताय? हे बोचकं घ्या की.”