चाखायची, गिळायची नाही

मी आयुष्यात दारूचा एक घोट गिळला नाही. तरीही ऐंशीच्या दशकात वडशापासून भामरागडपर्यंत दारूतलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी माझ्याच तोंडानं सांगतो आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहत बसलो तर माझी शंभर वर्षं भरतील.

नोकरी गुरांच्या दवाखान्यातली. सरकारी कागदावर पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या तोंडी डाक्टर. पहिलीच नेमणूक भामरागडकडची निघाली तेव्हा माय धास्तावली. वाघाचं भय नव्हतं, पुराचंही नव्हतं. "तिकडं पाण्याहून मोहाची जास्त," ती म्हणाली, आणि मला हाताला धरून विहारात घेऊन गेली. घशाखाली थेंब जाणार नाही, असं तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या गावातले बौद्ध. दर पौर्णिमेला विहारात वंदना माय सांगायची. वस्तीतल्या सात-आठ बाप्यांची दारू तिनं एकटीनं सोडवली होती. संध्याकाळी दारात जाऊन बसायची, शिव्या खायची, पण उठायची नाही. त्यामुळे तिच्या शब्दाला वस्तीत वजन होतं. मी शब्द दिला तो भीतीनं दिला आणि पुढं हौसेनं पाळला.

भामरागडकडच्या एका गावात बैलाच्या खुरातला किडा काढला. घरच्या म्हाताऱ्यानं पानाचा दोना भरून पुढं केला. नाही म्हटलं तर अपमान, म्हणून तोंडात घेतली आणि बाजूला थुंकलो. म्हातारा असा उठला की मला वाटलं आता बैलाऐवजी माझाच खूर धरतो. "माझी थुंकायची हाय काय?" तो ओरडला. भट्टी त्याच्या बायकोची होती. तिनं त्याला खाली बसवलं आणि मला दाखवलं: बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, आणि उरलेली जमिनीवर ओतायची. आधीच्या पिढ्यांचा वाटा. तो वाया गेला असं कोणीच म्हणत नाही. त्या बाईनं माझी नोकरीही सोपी केली आणि मला छंदही लावला, कारण बोटाएवढ्या त्या थेंबात मला जे कळलं ते दोना दोना रिचवणाऱ्यांना कळत नव्हतं.

प्रत्येक गावची वेगळी. खडकावर वाळवलेल्या फुलांची स्वच्छ लागते, सारवलेल्या अंगणात वाळवलेल्या फुलांना मातीचा किंचित वास येतो. जुन्या फुलांची गोडी जड. घाईनं जाळ केलेली जिभेच्या मागच्या बाजूला करपते. नदीच्या पाण्याची आणि विहिरीच्या पाण्याची मी डोळे मिटून वेगळी करत असे. सगळी पहिल्या धारेचीच, तरी दोन बायकांची एकसारखी कधी नाही.

मग मी नमुने जमवायला लागलो. सुरुवातीला दवाखान्यातल्या लशीच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या. महिन्याभरानं उघडल्या तर बाराही गावांची चव एकच, रबरी बुचाची. मी रागानं त्या सगळ्या ओतून दिल्या आणि होमिओपॅथीच्या काचेच्या कुप्या घेतल्या, साध्या बुचाच्या. वर चिकटपट्टी: गाव, गाळणारीचं घर, फूल नवं की जुनं, लाकूड कुठलं.

या नादात मला दोन जोडीदार मिळाले. एक ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, दुसरा आमच्या जंगलाकडच्या एसटीचा कंडक्टर. कंडक्टर गावोगावच्या बाटल्या तिकिटाच्या पेटीसोबत आणायचा. प्राध्यापकांच्या घरी रविवारी दुपारी आमची बैठक बसायची. प्राध्यापक मोठ्या शास्त्रीय चेहऱ्यानं पहिली कुपी नाकाशी धरायचे, पण ते गिळायचे आणि कंडक्टरही गिळायचा. तिसऱ्या कुपीनंतर दोघांनाही सगळ्याच उत्तम वाटायला लागत. पाचव्या कुपीला प्राध्यापक रडायचे. शेवटपर्यंत शुद्धीवर मी एकटा, म्हणून निकाल माझाच धरला जायचा. तीन वर्षांत माझ्या पेटीत बेचाळीस कुप्या झाल्या आणि माझ्या डोक्यात भरपूर हवा.

त्या हवेचा वास बल्लारपूरकडच्या एका बड्या साहेबापर्यंत गेला. साहेब पुण्याकडचे, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, परदेशात जाऊन आलेले. त्यांच्या कपाटात सिंगल माल्टच्या अकरा बाटल्या होत्या. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची, कुणाची भेसळ नसलेली स्कॉच, असं त्यांनी आम्हाला समजावलं. प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या बंगल्यावर गेलो.

साहेब बाटल्या दाखवत होते तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, खोटं कशाला सांगू. माणूस माझ्यासारखाच होता. कुठल्या बेटावरची, किती वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली, सगळं वहीत लिहिलेलं. पण मी चाखून थुंकतो हे ऐकल्यावर ते हसले.

"अहो, हिची खरी चव गिळल्यानंतर येते. न गिळणारा माणूस हिच्याबद्दल काय सांगणार? आणि तुमच्या मोहाच्या हातभट्टीत चाखण्यासारखं असतं तरी काय?"

पहिल्या टोमण्यावर मी गप्प बसलो असतो. दुसऱ्यावर माझं डोकं फिरलं. ज्या बाईनं मला बोट बुडवायला शिकवलं तिचा तो अपमान होता. मी म्हणालो, "साहेब, परीक्षा घ्या. ओळखलं नाही तर माझ्या सगळ्या कुप्या तुमच्या नाल्यात ओततो."

त्यांनी तीन बाटल्या निवडल्या आणि मला प्रत्येकीचा एकेक चमचा दिला. एकीला मधाचा वास होता. दुसरी मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी. तिसरीला धूर आणि त्यामागं आयोडीनचा वास, आमच्या दवाखान्यातल्या कपाटाचा. मग त्यांनी आत जाऊन पाच ग्लास भरून आणले. मी पाठमोरा बसलो होतो. शेजारी पितळी तस्त. एकेक घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, पाण्यानं चूळ भरायची. पहिली मधाची. दुसरी दवाखान्याची. तिसरी मनुकांची. चौथी पुन्हा मधाची. पाचवीपाशी मी थांबलो. पुन्हा घोट घेतला. साहेब म्हणाले, "हं, अडलं ना?"

"अडलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही दोघींची भेसळ केली आहे. मध आणि धूर. एकाच भट्टीची म्हणवणारीची भेसळ करून परीक्षा घेता?"

 साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला, आणि त्या धुराच्या दारूनं माझी एक रिकामी कुपी भरून दिली. त्रेचाळिसावी. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि तेही एक थेंब न गिळता.

पण कंडक्टरचं तोंड एसटीच्या भोंग्यासारखं. मला मोठं करायच्या नादात त्यानं हा किस्सा प्रत्येक फेरीला सांगितला आणि फेरीगणिक सुधारला. ब्रह्मपुरीला पोचेपर्यंत पाच घोटांचे पाच ग्लास झाले, आणि आमच्या गावात शिरेपर्यंत पाच बाटल्या. "विलायती पाच बाटल्या पेला, पण डाक्टर हालला नाई!" तो माझी स्तुतीच करत होता.

मी पौर्णिमेला सुट्टी काढून घरी आलो ती पेटी घेऊनच. मायला काही कळलं असेल याची मला कल्पना नव्हती. वंदना संपली, लोक उठायला लागले, तेवढ्यात शेजारच्या काकूनं मायला दारातच गाठलं. या काकूच्या नवऱ्याची दारू मायनंच सोडवली होती, आणि तो महिनाभरापासून पुन्हा प्यायला लागला होता.

"बाई, माह्या बुढ्याले तुम्ही याच दारात शपथ देल्ली," काकू म्हणाली. "आता तो मले म्हणते, बाईच्या पोरानं पाच बाटल्या पेल्या, मंग मीच काऊन सोडू? सांगा, त्याले मी काय सांगू?"

सगळे थांबले. काकू दुष्ट नव्हती. तिचं घर बुडत होतं आणि ते वाचवायला तिच्याकडे मायच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. तो शब्द मी घालवला होता. मायनं माझ्याकडे पाहिलं.

"गिळली का?"

"नाई, माय. चाखून थुंकली. एक थेंब गिळला नाई."

"असं कुठी असते का?" काकू म्हणाली. "पेल्याबिगर कोणाले समजते? पोरगा तुमाले बनवून राह्यला, बाई."

माझ्या अंगाची लाही झाली. साहेबांनी जे म्हटलं तेच काकू म्हणत होती, पण इथं ना तस्त होतं ना पाच ग्लास. माझ्या खरेपणाला साक्षीदार कोण, तर कंडक्टर! मी तोंड उघडणार तोच माय म्हणाली, "जा, तुही पेटी आन. विहारात नाई न्यायची. चिचेखाली ठेव."

मी पेटी आणली. अर्धी वस्ती चिंचेखाली जमली होती. "त्या साहेबाची कोणती?" मायनं विचारलं. मी त्रेचाळिसावी कुपी दिली. तिच्यावरची चिकटपट्टी मायला वाचता येत नव्हती, आणि तिच्यात काय आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं बूच काढलं, कुपी नाकापासून वीतभर लांब धरली आणि हातानं वारा आपल्याकडे घेतला. तोंडाजवळ नेलीच नाही. डोळे मिटले.

"हे मोहाचं नाई," ती म्हणाली. "दाण्याचं हाय. धान नाई, गहू नाई, दुसरा काही दाणा. कापून रचलेल्या पुंजण्यात पाणी शिरल्यावर धानाले मोड येते ना, तसा मोड आणला याले. मंग धुरावर वाळवला. धूर लाकडाचा नाई. माती जाळल्यावानी लागते."

 साहेबांनी वहीतून वाचून दाखवलं होतं ते हेच. तिकडं जवाला मोड आणतात आणि दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर तो वाळवतात. मी हे सगळ्यांना सांगितलं. शंका नको म्हणून काकूनं पेटीतल्या आणखी दोन कुप्या स्वतः निवडून मायला दिल्या. "हे खडकावरलं फूल हाय, नवं," माय म्हणाली. दुसरी हुंगून तिनं नाक मुरडलं. "इच्यात जाळ घाईनं केला. करपली." मी चिकटपट्ट्या वाचल्या. दोन्ही बरोबर.

"पाह्यलं?" माय काकूला म्हणाली. "मी तं जिभेलेही नाई लावलं. समजते पेल्याबिगर. माह्या पोरानं गिळली नाई."

कोणीतरी मागून हळूच विचारलं, "पण बाई, तुमाले हे कसं जी समजते?"

हा प्रश्न येणार हे तिला कुपी हातात घेण्याआधीच ठाऊक होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आमच्या घरात, आमच्या वस्तीत, हे कोणालाही माहीत नव्हतं.

"माह्या मायच्या घरी भट्टी होती," ती म्हणाली. "सात वर्षांची होतो तवापासून मी जाळ पाह्यचो. लगन झाल्यावरही माहेरी जाऊन गाळत जावो. वडशाचे लोक आमच्या घरचीच मागत. छप्पन साली दीक्षा घेतली अन् दोन्ही हांड्या मी आपल्या हातानं फोडल्या. मले चांगली गाळता येत होती, तरी फोडल्या. तुह्या बुढ्याले हे सांग."

 काकूनं मायचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला आणि मायनं तिला वर ओढलं. मी मात्र तिथं उभा राहून फुललो होतो. बंगल्यातलं माझं कौतुक मला एकदम पोरकट वाटलं. गिळत नाही म्हणून मी तीन वर्षं मिरवत होतो, आणि हातातली कला मोडून तीस वर्षं गप्प राहिलेली बाई मला रोज जेवायला वाढत होती. माझा शब्द खरा करायला तिनं आपलं झाकलेलं सगळ्यांपुढं उघडं केलं, आणि तेही मान वर ठेवून. अशा बाईच्या पोटी मी आलो याचा जेवढा अभिमान मला त्या चिंचेखाली वाटला तेवढा पुन्हा कशाचाच वाटला नाही.

लोक पांगल्यावर ती म्हणाली, "आता जिभेवरही नाई." मी हो म्हणालो. पेटी तिथंच उघडली आणि एकेक कुपी चिंचेच्या बुडाशी ओतायला लागलो. माय शेजारी बसली होती. मी बूच काढलं की ती लांबूनच वास घ्यायची आणि सांगायची. ही बरी. ही जुन्या फुलाची. ही बाई नवी शिकली असन. माझे बेचाळीस निकाल तिनं तपासले आणि पाच चुकीचे काढले.

एका कुपीपाशी तिनं हात पुढं केला. भामरागडकडची होती, मला बोट बुडवायला शिकवणाऱ्या बाईची. मायनं ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा हुंगली.

"हे बाई माह्यावानी गाळते," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं ओतली.