ओल्या पोत्यातली रोपं

माझं अक्षर चांगलं आहे. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येत, आणि मी मास्तर असल्यामुळं काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी बसवून देई. त्याच अक्षरात मी एका माणसाची नोकरी घालवली. निवृत्त झाल्यापासून बाकीच्या गोष्टी विसरायला लागलोय, ही मात्र विसरत नाही.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला छोटा साठवण तलाव आहे. मातीची लांबलचक भिंत, पाण्याच्या बाजूनं दगड लावलेले, एका टोकाला जादा पाणी जायला सांडवा. या भिंतीची देखभाल करायला पाटबंधारे खात्याचे एक चौकीदार होते, रोजंदारीवरचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. दिवसभर ते भिंतीवर वाकलेले दिसायचे. वेड्या बाभळीचे कोंब उपट, घोरपडीची बिळं मातीनं ठासून बंद कर, असलं काहीतरी चालायचं. मला ते काम वाटतच नसे. तलाव कोण उचलून नेतंय मामा, असं मी चिडवायचो आणि ते हसायचे.

एका वर्षी मला झाडांचं वेड लागलं. मामा परंड्याला लेकीकडे गेले होते तेव्हा शाळेच्या पोरांना घेऊन मी भिंतीवर वड, पिंपळ, कडुलिंबाची चाळीस रोपं लावली. पाणी जवळ, जागा मोकळी, आणि रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार. यातलं शेवटचं कारण सगळ्यात मोठं होतं. मामा परतल्यावर दोन दिवसांनी बघतो तर भिंत पुन्हा मोकळी.

मी तावातावानं त्यांना गाठलं. पोरं माझ्यामागं होतीच.

"गुर्जी, मातीच्या भिंतीवर झाड नगं," मामा म्हणाले. "मूळ पानी हुडकत आत जातं. उद्या झाड मेलं तरी त्याचं भोक ऱ्हातं, अन् पानी तितनं वाट काढतं."

रोपं त्यांनी फेकली नव्हती. मुळाच्या मातीसकट काढून, ओल्या पोत्यात गुंडाळून शाळेच्या कुंपणाशी सावलीत ठेवली होती. दुसरीकडं कुठंही लावा, खड्डे मी खणून देतो, असंही म्हणाले.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो, मास्तर होतो. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं पोरांदेखत मला शिकवावं, याचा मला राग आला. शाळेत येऊन मी खात्याला अर्ज लिहिला: विद्यार्थ्यांनी लावलेली रोपं चौकीदारानं स्वतःच्या शेळ्यांना चारली. मामांकडे दोन शेळ्या होत्या, एवढंच त्यातलं खरं. लिहिताना ते ओलं पोतं मला खिडकीतून दिसत होतं. तरी मी लिहिलं, आणि खाली पोरांच्या सह्या घेतल्या.

रोजंदारीच्या माणसाला काढायला फार काही लागत नाही. महिन्याभरात मामा कळंबच्या आडत बाजारात पोती उचलायला लागले, पन्नाशी उलटलेली असताना. जाण्याआधी शाळेत आले. मला वाटलं, भांडतील. सांडव्याच्या अंगाला एक बीळ राहिलंय, तेवढं बुजवून घ्या, एवढं सांगून गेले. मी ते बुजवलं नाही. रोपं मात्र पुन्हा भिंतीवर लावली. मामांच्या जागी कुणी आलं नाही, त्यामुळं अडवायलाही कुणी नव्हतं. झाडं फोफावली, तालुक्याला माझा सत्कार झाला. ती शाल अजून घरात आहे.

मग अलीकडं एका सप्टेंबरात पाऊस थांबेचना. तलाव काठोकाठ भरला आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, सगळ्यात मोठ्या वडाखाली, पाणी झिरपायला लागलं. खालच्या वस्तीतली माणसं लेकरंबाळं आणि गाठोडी घेऊन शाळेत येऊन बसली. खात्याचा तरुण अभियंता आला. झाडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. एवढी झाडं वाढेपर्यंत इथला चौकीदार झोपला होता का, असं त्यानं विचारलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. गावात माझा मान आहे, म्हणून कुणी बोललं नाही. मीही मूग गिळून गप्प बसलो.

तिथून मोटारसायकल काढली आणि कळंब गाठलं. माफी कशी मागायची ते वाटभर जुळवत होतो. मामा आडतीच्या दारात बसले होते, डोकं पार पांढरं झालेलं. तलाव गळतोय, वडाखालून, एवढं मी कसंबसं सांगितलं. कुणी लावलेला वड, हे त्यांनी विचारलं नाही.

"पानी नितळ हाय का गढूळ?"

गढूळ, मी म्हणालो.

"मंग आतली माती वाहून चाललीय. चला."

ते मागं बसले. रस्ता खराब, त्यामुळं त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. माफी तशीच राहिली.

तलावावर पोचल्याबरोबर मामा कामाला लागले. लोक पोत्यांनी पाणी दाबून धरायला बघत होते, ते त्यांनी थांबवलं. आधी वाळू टाका, वर खडी टाका, पाणी येऊ द्या, माती तेवढी अडवा, असं सांगत ते स्वतः पाट्या उचलत होते. अभियंत्यानं मान हलवली आणि पाणी कमी करायला तलावाचं दारही उघडायला लावलं. दिवस कलताना पाणी नितळ यायला लागलं. खालच्या वस्तीवरच्या एका बाईनं मामांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

अभियंत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?"

मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"माझ्या ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

मामांनी ते ऐकलं. खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि पुन्हा एकदा बघितलं. कळंबला सोडताना म्हणाले, झाडं नुसती तोडू नका, मुळं खणून काढा आणि माती ठासा.

पुढं कळलं की खात्याच्या अहवालात गळतीचं कारण म्हणून चौकीदाराचा हलगर्जीपणा लिहिलाय. ते खोडून काढायला मी अजून अर्ज केलेला नाही. माझ्या त्या जुन्या अर्जात मामांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. इथं मी माझंसुद्धा लिहिलेलं नाही.