तेरवणकर मास्तरांचा परिचय

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. अंगात येणं, झपाटणं वगैरे गोष्टी मी वर्गात कायम हसण्यावारी नेल्या. आजही कुणी असं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो — तू स्वतः पाहिलंस का? आता माझी पंचाईत अशी की जे घडलं ते माझ्याच बाबतीत घडलं, माझ्याच तोंडून घडलं, आणि तरीही मी ते ऐकलं नाही. डाव्या जबड्याचं हाड अजून थंडीत ठणकतं, एवढंच माझ्यापुरतं खरं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं वाचनालय होतं — खाली पुस्तकं, वर छोटा हॉल. दरवर्षी एका रविवारी सकाळी तिथे स्मृतिसभा व्हायची. आपल्या भागात राहून गेलेले विद्वान, शास्त्रज्ञ, कलावंत... त्यांच्या कारकिर्दीची आठवण ठेवायची, हा हेतू. प्रत्येकाचा दोन पानी परिचय मी लिहायची आणि मीच वाचायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, म्हणून हे काम माझ्याकडे.

त्या वर्षी चार जण होते. एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक संस्कृतचे पंडित, एक तबलावादक आणि शेवटी शिल्पकार तेरवणकर मास्तर.

मास्तर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. मोठमोठ्या विद्वानांचे दगडी अर्धपुतळे त्यांनी घडवलेले. त्या सभेच्या सहा वर्षं आधी असाच एक अपुरा पुतळा चौथऱ्यावरून कलंडून त्यांच्या अंगावर पडला आणि ते जागीच गेले. चेहरा ओळखू येत नव्हता म्हणे. पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या पट्टशिष्यानं, वासुदेव रेडकरनं. पोलिसांनी अपघाताची नोंद करून फाइल बंद केली. मास्तरांची अर्धवट कामं पुढे रेडकरनं पूर्ण केली, त्याचं नाव झालं. आमच्या सभेचा तो प्रमुख पाहुणा होता.

माहिती घ्यायला मी त्याच्याकडे गेले होते. चाळिशीचा, शांत, नम्र माणूस. स्वतः चहा करून दिला.

मी विचारलं, "मास्तर फार रागीट होते असं ऐकलंय?"

"शिस्तप्रिय लिहा मॅडम," तो हसून म्हणाला. "गेलेल्या माणसाला आपण शिस्तप्रिय म्हणतो."

मी तसंच लिहिलं.

रविवारी अकरा वाजता हॉल भरला. साठ-सत्तर माणसं. स्टेजच्या भिंतीवर हार घातलेले चार फोटो, शेजारी कमरेएवढी पितळी समई. माझी मैत्रीण नलू स्टेजच्या कडेला टेबल घेऊन बसलेली. ती एका ऑफिसात स्टेनो होती, म्हणून सभेचं इतिवृत्त तीच घ्यायची. त्या वर्षी तिनं भावाचा टेपरेकॉर्डरही आणला होता, तो टेबलावर चालू होता.

पहिले तीन परिचय नीट झाले. टाळ्या झाल्या. मी चौथा कागद उचलला.

मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो. जन्म, शिक्षण, मुंबईत आगमन, पारितोषिकं... दुसरं पान उलटताना मी वर पाहिलं, तर हॉलमधल्या लोकांचे चेहरे काहीतरी विचित्र झालेले. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर पदर दाबून धरला होता. आमचे सेक्रेटरी जोगळेकर अर्धवट उठून तसेच थांबलेले. मला वाटलं, आपला काही उच्चार चुकला का? की पदर सरकलाय? मी चाचपून पाहिलं आणि वाचत राहिले — "मास्तर शिस्तप्रिय होते, परंतु शिष्यांवर त्यांनी पुत्रवत प्रेम केलं..."

रेडकर उठला.

तो माझ्याकडे धावत आला नाही. चालत आला. समईचा वरचा भाग त्यानं हातानं फेकून दिला, पेटत्या वातींसकट. तेल माझ्या साडीवर उडालं. खालचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि हाणला. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखायच्या आधी. दुसरा जबड्यावर. तोंडात दातांचे तुकडे आणि रक्त... मी माइकसकट खाली पडले. तो वाकून पुन्हा मारतच होता आणि ओरडत होता —

"गप! गप बसा मास्तर! मेलात ना तुम्ही? मेलात ना एकदा?"

चौघांनी त्याला मागे खेचलं. जोगळेकरांच्या मनगटाला त्यानं असा चावा घेतला की मांस लोंबायला लागलं. सुटला आणि मास्तरांच्या फोटोवर तुटून पडला. दांड्यानं काच फोडली, मग दांडा टाकून नुसत्या मुठींनी फोटोतल्या चेहऱ्यावर मारत सुटला. काचा हातात घुसत होत्या तरी थांबेना. भिंत लाल झालेली मला दिसली, मग शुद्ध गेली.

हॉस्पिटलात माझा जबडा तारेनं बांधला होता. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायची. चौथ्या दिवशी नलू आली ती रडत आणि भांडतच.

"असं काय बोललीस गं तू? एवढं माहीत होतं तर मला तरी आधी सांगायचंस ना! जीव गेला असता तुझा!"

मी पाटीवर लिहिलं — काय बोलले?

 तिनं पर्समधून इतिवृत्ताची वही काढली. बसल्या बसल्या घेतलेल्या नोंदी होत्या. पहिले तीन परिचय शॉर्टहँडमध्ये होते. चौथा सुरू झाल्यावर काही ओळींनी तिनं साध्या देवनागरीत लिहायला घेतलं होतं, कारण भाषाच बदलली होती. तिनं हळूहळू वाचून दाखवलं —

"मी कडक नव्हतंय, मी वाईट होतंय. वासूचो उजवो हात दगडार ठेवन दोन बोटां मीच मोडलंय. कित्या, तर तेचो हात माझ्यापेक्षा बरो चलत होतो. मगे तेणा हातोडो उचललान. पयलो मानेर बसलो. कित्या रे वासू, म्हणान इचारूक मी वळलंय, तर दुसरो तोंडार..."

ही मालवणी. मी जन्मल्यापासून मुलुंडची, घरी नाशिककडची भाषा. मालवणी चार वाक्यं मला आजही धड बोलता येत नाहीत. आणि हे मी म्हणे वाचल्यासारखं, पान उलटून, एका सुरात बोलले होते. मास्तरांनी शिष्याची बोटं कशी मोडली, शिष्यानं मास्तरांना हातोड्यानं कसं मारलं, पुतळा नंतर अंगावर कसा ढकलला... सगळं. साठ-सत्तर लोकांनी ऐकलं.

मी पाटीवर लिहिलं — टेप लाव.

दुसऱ्या दिवशी ती टेपरेकॉर्डर घेऊन आली. आम्ही दोघींनी ऐकलं. टेपवर माझा स्वच्छ आवाज होता. जन्म, शिक्षण, पारितोषिकं, पुत्रवत प्रेम. कागदावर होतं तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग खुर्ची पडल्याचा आवाज, मग किंकाळ्या.

नलूनं टेप तीनदा मागे नेऊन ऐकली. 

"मी बहिरी नाहीये गं," ती म्हणाली. "मी समोर बसून लिहिलंय हे."

पुढे केस उभी राहिली, माझ्यावरच्या हल्ल्याची. रेडकरला पकडलं त्याच दिवशी त्यानं पोलिसांना सगळं कबूल केलं होतं, आठवड्याभरात जबाब फिरवला. मास्तरांच्या खुनाचा पुरावा म्हणून काहीच उरलं नव्हतं. देहाचं दहन झालेलं, शेड पाडलेली. साक्षीदार म्हणाले, बाईंनी खुनाचा आरोप केला. टेप म्हणाली, बाईंनी कौतुक केलं. कोर्टानं टेप मानली. काही कारण नसताना निरपराध बाईला जीवे मारायचा प्रयत्न केला, म्हणून रेडकरला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्यासमोरून गेला. पोलिसांना म्हणाला, एक मिनिट. मग उजवा हात पुढे केला. मधली दोन बोटं पेरापासून वाकडी होती.

"दारात सापडली म्हणून सांगायचो सगळ्यांना," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मास्तर आणि मी, दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं, मॅडम?"

 मी नकारार्थी मान हलवली. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या माणसानं माझं तोंड फोडलं होतं, तरी त्या क्षणी मला त्याची भीती वाटली नाही, त्याची कीव आली. हे मी घरात कुणाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं मास्तरांच्या पत्नी घरी आल्या. माई म्हणायचे सगळे. मास्तर गेल्यापासून त्या भावाकडे दहिसरला राहायच्या, सभेला आल्या नव्हत्या. नवऱ्याचा खून झाला का, हे त्या विचारतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी ते विचारलंच नाही.

"मुंबईक इल्यापासून ते भायर मालवणी बोलले नाय," त्या म्हणाल्या. "लाज वाटायची तेंका. फकत माझ्याशी बोलत, ता पण माका मारून झाल्यार. माफी मागूक." मग त्यांनी विचारलं, "बाय, तेंचो आवाज कसो होतो? रागावलेलो... की माफी मागतत तसो?"

 ज्या तोंडातून तो आवाज निघाला असं सगळे म्हणतात ते माझं, आणि त्या हॉलमध्ये तो न ऐकलेली बहुधा मी एकटीच. "माई, मला नाही माहीत हो," एवढंच म्हटलं.

त्यांनी माझ्या जबड्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

एका डॉक्टरांनी मला सामूहिक भ्रम वगैरे समजावलं. चालेल. पण साठ-सत्तर माणसांना एकाच वेळी मालवणीत भ्रम होतो? नलूच्या हाताला होतो? त्या दोन वाकड्या बोटांचं काय? टेप आणि वही दोन्ही नलूकडे आहेत, कुणाला तपासायचं तर तपासा. मी दोन्ही खरं मानते, आणि दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. वाचनालयाची सभा पुढेही दरवर्षी होत राहिली. माझा जबडा भरून आला, आवाजही पूर्वीसारखा झाला. पण गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोला म्हटलं, की मी अजूनही माइक दुसऱ्याच्या हातात देते.