पत्र्यावरचं गोंदण

माझ्या आईला कोणी विचारलं, लेकरं किती, की ती जराशी थांबायची आणि मग म्हणायची, "दोन." म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. त्या थांबण्यात आमची मोठी बहीण असायची. ती मी जन्मायच्या आधीच तापात गेली, चालायलाही लागली नव्हती. तिचा एकही फोटो नाही. कुरखेड्याच्या पुढे, आमच्या गावात, तेव्हा तान्ह्या लेकराचा फोटो कोण काढत होतं!

मी मोठी होऊन छापचित्रं करणारी झाले. चंद्रपुरात भाड्याची खोली, वर टिनाचं छप्पर, आणि बल्लारपूरच्या एका वेल्डरकडून बनवून घेतलेलं, हातानं चाक फिरवायचं यंत्र. उन्हाळ्यात ओला कागद यंत्रापर्यंत नेईस्तोवर वाळून जातो. लोक म्हणतात, पुण्याला जा. मी म्हणते, तुम्ही जा. अशाच एका उन्हाळ्यात आईला समोर बसवलं आणि म्हटलं, सांग, ती दिसायची कशी?

आई सांगत गेली, मी काढत गेले. "नाक जरासं बसकं कर. इतके केस कुठी होते वं तिले, टकलीच होती. माह्या गळ्यातली पोत मुठीत धरून राहे, सोडतच नव्हती." कितीतरी कागद फाडले. मग एका चित्रापाशी आईनं माझा हात धरला. म्हणाली, "हेच. आता हात नोको लावू."

ते चित्र मी जस्ताच्या पत्र्यावर घेतलं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, ॲसिडनं त्या रेघा खोल करायच्या, मग खाचांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा. मांडीवर बाळ घेतलेल्या आईचे असे वीस छाप काढले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर आणि सही. वीस म्हणजे वीसच, एकविसावा कधी निघणार नाही, हा आमच्या धंद्यातला शब्द असतो. तो पाळल्याचा पुरावा म्हणून शेवटी पत्र्यावर खिळ्यानं आडवातिडवा ओरखडा मारतात आणि त्या मोडक्या चित्राचा एक छाप काढून दाखवतात. पुण्याच्या गॅलरीवाल्यानं सगळे छाप मागवून घेतले होते. ओरखडा दिसला की भिंतीवर लावतो म्हणाला, नाहीतर सगळे परत.

मी खिळा हातात घेतला आणि नेमकी त्याच वेळी आई एसटीतून उतरून, तांदळाची थैली काखेत मारून, दारात उभी.

"काय करून राह्यली वं?"

सांगितलं. थैली तिच्या काखेतून खालीच पडली.

"लेकराच्या तोंडावर खिळा? एकडाव गेली थे पुरलं नाई का तुले?"

मी खिळा खाली ठेवला. गॅलरीवाल्याला फोन लावला, विचारलं, कोपऱ्यात बारीक खूण केली तर? "नाही चालणार मॅडम. आई आणि बाळ, दोघांवरही खूण दिसली पाहिजे. नियम म्हणजे नियम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या घरच्या फोटोवर मारा ना खिळा!" असं ओरडून मी फोन कापला आणि मग भोकाड पसरून रडले. वर्षभराचं काम परत येणार होतं, आणि ते नको असेल तर बहिणीचं तोंड मीच खरवडायचं होतं.

आई मात्र रडली नाही. ती माझी चित्राची सुई उचलून बोटात फिरवत होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या गोंदणानं भरलेले आहेत. आमच्याकडे म्हणतात, सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं मेल्यावर संगं येतं.

"हे सुई पत्र्यात शिरते का?"

"जोर दिला तर शिरते."

"मंग आण इकडं. तिले गोंदायचं राहूनच गेलं. वर कोण वळखीन तिले?"

आणि माझी आई पालथी मांडी घालून पत्र्यावर वाकली. सुईवर छोट्या हातोडीचा एकेक ठोका. चित्रातल्या आईच्या हातावर स्वतःच्या हातावरची नक्षी उतरवली. मग बाळाच्या कपाळावर टिकली आणि हनुवटीवर तीन ठिपके. गोंदताना पोरींना म्हणतात तसं पत्र्याला म्हणत होती, "झालं माय, झालंच. रडू नोको."

छाप काढताना चाक तिनंच फिरवलं. कागद उचलला आणि, माय वं! ॲसिडच्या रेघांपेक्षा ते ठिपके काळेभोर, मऊ उठले होते. माझी कधी न पाहिलेली बहीण नटूनथटून बसली होती. मी आईला कडकडून मिठी मारली, शाईच्या हातांनीच.

फोटो पाठवला. तासाभरात गॅलरीवाल्याचा फोन.

"मॅडम, पण चित्र खराब कुठे झालंय?"

"खराब कशाला व्हायला पाहिजे? दोघांवर खूण आहे का? आता या पत्र्यातून पहिल्यासारखा एक तरी छाप निघेल का? बोला!"

 तो म्हणाला, "नाही निघणार. लावतो चित्रं." आणि जरा आवाज बारीक करून, "मॅडम, या गोंदणाच्या चित्राचे अजून वीस छाप मिळतील का?"

मी इतकी मोठ्यानं हसले की घरमालकीण खिडकीतून डोकावली. "नाही! हा एकच. नियम म्हणजे नियम!"

तो एक छाप आता गावच्या घरी, धानाच्या कणगीवरच्या भिंतीला टांगला आहे. मागे मी गेले होते तेव्हा दवाखान्याची नवीन ताई घरोघर चौकशी करत आली. "बाई, लेकरं किती तुमाले?"

आई यावेळी थांबली नाही.

"तीन," म्हणाली, आणि भिंतीकडे बोट केलं. "थे मोठी."