उघडा राहिलेला हौद

नव्वदच्या दशकात बारामतीत ओढ्याकाठी आमचं घर होतं. नळाला दिवसाआड पाणी यायचं, म्हणून अंगणात जमिनीतला हौद होता. घरची कामं वहीत लिहायची मला सवय. त्या ऑक्टोबरात वहीत सगळ्यात वर होती निरवांगीला दिलेली नणंद. ती बाळंतपणाला आली होती आणि बाळ नऊ दिवसांचं होतं.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झाल्याचं रेडिओवर ऐकलं. आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटलं. मग दोन दिवस पाऊस थांबला नाही. दुष्काळी भागातली माणसं पाऊस आला की करतात तेच मी केलं. वळचणीखाली पिंप, घागरी, बादल्या मांडल्या आणि हौदाचं झाकण काढलं.

"आलंय तर भरून घे," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा कवा येतंय कुणास ठाऊक."

दुपारी ओढा गल्लीत शिरला. धान्याची पोती कॉटवर, गोधड्या माळ्यावर, बाळ-बाळंतीण शेजारच्या भाभींच्या उंच जोत्यावरच्या घरात. सगळं क्रमानं हलवलं. हौदाचं झाकण लावायचं तेवढं राहिलं. पाणी ओसरल्यावर हौदात डोकावले, तर गटाराचं पाणी, वर रॉकेलचा तवंग. नदीवरचा पंपही बुडाला होता, त्यामुळे नळ बंद.

"वैनी, तुमी तर सगळं वहीत लिहिता," भाभी म्हणाल्या. "ह्ये कसं राह्यलं?"

"वहीत टंचाईचं पान हाय. पुराचं न्हाय."

त्या हसल्या. त्यांच्या घरात सात माणसं होती, तरी नणंदेसाठी रोज एक कळशी बाजूला ठेवू लागल्या.

समुद्र तापला की वादळं जास्त पाणी घेऊन येतात, असं आता वाचते. पटतं. महिनोन्‌महिने कोरडं राहून दोन दिवसांत रितं होणारं आभाळ त्यानंतरही पाहिलं. पण ओढ्याला खेटून घर बांधलं ते आम्हीच. तो कायम कोरडाच असायचा.

हौद आम्ही सासू-सुनांनी बादलीनं उपसला, चुन्यानं धुतला, पुन्हा धुतला. वास गेला नाही. तिसऱ्या दिवशी भाभींचा जोत्यावरचा, पुरातून वाचलेला हौदही तळाला गेला. त्याच दुपारी टँकर आला. चिखलात बायकांची रांग लागली. "हिच्या घरी बाळंतीण हाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मला पुढं जाऊ दिलं.

दोन घागरी मिळाल्या. एक भाभींच्या चुलीपाशी ठेवली, दुसरी नणंदेच्या उशाशी. ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. मी तशीच चिखलाच्या पायांनी जोत्यावर बसून राहिले.